छाती सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी

पहिल्या भरतीत टेप धरणारा हवालदार म्हणाला, फुगा.
मी फुगवली.
और फुगा.
डोळ्यांपुढं काजवे आले तरी एक्याऐंशीच.
चल, पुढचा.

पुढचा ओमाणी होता. तो पास झाला.
परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीची जागा मला दिली,
बेळगुंदी येईस्तोवर दोघंही गप्प.
एक सेंटिमीटर म्हणजे किती
ते रात्री कंपासपेटीतल्या पट्टीवर बघितलं.
करंगळीच्या नखाएवढं.

तेव्हा बी.कॉम.चं दुसरं वर्ष.
टिळकवाडीच्या कॉलेजात सर ताळेबंद शिकवायचे,
डावी बाजू उजवीशी जुळलीच पाहिजे म्हणायचे.
माझी पावणेपाचलाच सुरू व्हायची,
राकसकोपच्या रस्त्यानं, अंधारात, अनवाणी.
रताळी काढायला निघालेल्या बायका हटकायच्या,
कुणाचा रं तू? आणि कुणाच्या भ्यानं पळूलास?

दुपारनंतर उद्यमबाग.
फौंड्रीत लोखंड ओतताना श्वास धरायचा,
कुणी शिकवत नाही, आपोआप धरला जातो.
कुडचीकर माल तपासायचे, व्हर्नियर डोळ्याजवळ नेऊन.
दोन दशांश जास्त, बाद.
दोन दशांश कमी, तेही बाद.
पहिल्या पगारात घरी पाव किलो कुंदा नेला
आणि खडेबाजारातून शिंप्याचा एक टेप, पिवळा.
रोज झोपायच्या आधी स्वतःला मोजायचो.
आई म्हणायची, खुळं लागलंय पोराला.

दुसऱ्या भरतीत ब्याऐंशी.
कॉस्टिंगचा पेपर त्याच दिवशी होता.
तो अजून राहिलाच आहे.

ट्रेनिंग आमच्याच बेळगावात.
भिंतीपलीकडून गावची साडेसहाची बस जायची,
ड्रायव्हर बसाप्पाचा हॉर्न मला झोपेतही ओळखू यायचा.
कितीतरी महिने घर चौदा किलोमीटरवर होतं
आणि मी घरी नव्हतो.
नंतर दोन हजार किलोमीटर झाले,
त्याचं तेवढं काही वाटलं नाही.

वर हवा पातळ.
तिथं छाती न सांगता फुगते
आणि आत काहीच जात नाही.
ओमाणीची पायाची दोन बोटं बर्फानं नेली.
तो हसून सांगतो, बुटाचं माप कमी झालं बघ.
मी हसतो. मग तो हसायचा थांबतो.

लग्नाला तीस दिवसांची सुट्टी, त्यातले पाच प्रवासात.
रत्नव्वा बैलहोंगलकडची,
घरात कन्नड बोलणाऱ्या मराठ्यांची.
मराठी येते तिला, रागावली की येत नाही.
पत्रिका दोन्ही लिपींत छापली होती,
माझं आडनाव एकीत लांब, एकीत आखूड.

सहाव्या दिवशी ट्रंकेत तिला टेप सापडला.
माहेरी ब्लाऊज शिवायची ती, टेप बघताच हात शिवशिवले.
हा कुणाचा? आणि ऐंशीपाशीच एवढा का झिजलाय?
मी सांगितलं नाही.
उभं राहा, म्हणाली, शर्ट शिवते.
टेप छातीला लागला मात्र
मी ताठ. टाचा जुळलेल्या. श्वास भरून धरलेला.
ती थांबली.
उसरु बिड्री, म्हणाली.
श्वास सोडा.
मला कळलं होतं, तरी तिनं दोनदा सांगितलं.
सोडला.
एवढा होता आत, मलाच ठाऊक नव्हतं.
तिनं टेपखाली दोन बोटं सरकवली,
इतकं ढिलं असू दे म्हणाली,
आणि कागद मिळेना म्हणून आकडा
पेन्सिलीनं दाराशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवला.

शर्ट मी निघाल्यावर पुरा झाला. खुंटीला आहे.
आता बा म्हणतोय दिवाळीआधी घराला रंग काढूया.
काल फोनवर तिनं सांगितलं,
मी म्हटलं मामांना, तेवढी टीचभर जागा
सोडा,
आणि पुढं काहीतरी बोलत होती,
कन्नडात,
तेवढ्यात लाईन गेली.